बूच बसवणाऱ्या दट्ट्याची कैफियत

मी एक जुना दट्ट्या आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. बाटलीच्या तोंडावर पत्र्याचं दातेरी बूच दाबून बसवायचं, एवढंच माझं काम. बिडाची बैठक, तिच्यावर उभा दांडा, वर लांब मूठ आणि मुठीखाली वाटीसारखा खोलगट जबडा. मूठ खाली ओढली की माझा जबडा बुचाचे दाते बाटलीच्या काठाखाली दुमडतो. 'खट्ट' असा आवाज आला की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. मी बसवलेलं बूच कधी गळलं नाही. याचा मला फार गर्व होता.

माझा जन्म विलायतेतला. खडकीच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाबरोबर मी बोटीनं आलो. त्याला घरी बिअर बनवायचा नाद होता आणि त्याच्या स्वयंपाकघरात साताऱ्याकडचा ज्योतीराम बटलर म्हणून होता. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, उकळायचे, खमीर घालून रांजणात ठेवायचं, हे सगळं ज्योतीराम त्याच्याकडून शिकला. रांजणातले बुडबुडे थांबेपर्यंत बाटली भरायची नाही, हेही शिकला. देश स्वतंत्र झाला, साहेब मायदेशी गेला आणि जाताना मला ज्योतीरामच्या हातात देऊन गेला.

ज्योतीराम बायकोला घेऊन पिंपरीला आला. तिथं तेव्हा माळरानावर कारखाने उभे राहत होते. एका बांधकामावर त्याला मुकादमांच्या खानावळीत काम मिळालं. त्याच सुमारास सरकारची दारूबंदी कडक झाली होती. शहाण्या माणसानं मला भंगारात घातलं असतं. पण ज्योतीरामला साहेबाची विद्या वाया जाऊ द्यायची नव्हती. बिअरला कडू चव देणारी विलायती फुलं मिळेनात, तर त्यांच्या जागी त्यानं काडेचिराईत घातलं. पाववाल्याकडून खमीर आणलं. राहता राहिल्या बाटल्या. त्या खडकीच्या भंगारातून यायच्या. काही बिअरच्या, काही सरबताच्या, सगळ्या वापरून टाकलेल्या.

आणि इथं सावित्रीबाईंचं काम सुरू व्हायचं. सावित्रीबाई म्हणजे ज्योतीरामची बायको. त्या प्रत्येक बाटली राखेनं घासायच्या, उन्हाकडे धरून तिच्यात चीर आहे का ते पाहायच्या आणि तोंडावरून बोट फिरवायच्या. कपचा उडालेली बाटली त्यांच्या नजरेतून सुटत नसे. जुनी बुचंसुद्धा त्या लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ करायच्या. त्यांनी निवडायचं, ज्योतीरामनं भरायचं, मी दाबायचं. आमचं त्रिकूट होतं म्हणा ना. नाव मात्र एकट्या ज्योतीरामचं व्हायचं.

शेजारचे दौलतराव फिटर पहिला घोट घेऊन म्हणायचे, "ज्योतीराम, तू साहेबाच्या पोटी जन्माला यायचास, राव."

ज्योतीराम चार दिवस हवेत असायचा. मित्रांनो, माणसाला दारूपेक्षा कौतुक लवकर चढतं.

मग तो दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. सुतार पटाशी मांडतो, शेतकरी विळे-कोयते मांडतो. एकदा हळद-कुंकू लागलं की दसरा होईपर्यंत हत्याराला कामाला लावायचं नाही. ज्योतीरामच्या घरात त्या मानाचा मी एकटा होतो. पण त्यानं दौलतरावांना आणि त्यांच्या मंडळींना शब्द दिला होता की सोनं लुटून आलात की माझ्याकडं बिअर प्यायची. आणि रांजण तर अष्टमीलाही बुडबुडत होता.

सावित्रीबाई रांजणात डोकावून म्हणाल्या, "अवं, अजून लई उकळी हाय. दसरा झाल्यावर भरू."

"आन् मंडळी आली की काय देऊ? आपट्याची पानं चघळाय सांगू? उद्या दट्ट्याला हात लावता यायचा न्हाई. आजच भरायचं."

"साहेब थांबायचा म्हणत हुता न्हवं तुमी?"

"साहेबाला दसरा नव्हता," ज्योतीराम म्हणाला.

त्याला ठाऊक होतं, मित्रांनो. ठाऊक असूनही त्यानं भरलं. सावित्रीबाईंनी बाटल्या नेहमीसारख्याच निवडून दिल्या, एकीलाही चीर नव्हती. मी नेहमीसारखी बुचं दाबली. आत खमीर गोडवा खात होतं आणि वायू सोडत होतं, आणि त्या वायूला बाहेर पडायला मी केसाएवढी फट ठेवली नाही. एखादं बूच मी सैल बसवलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला शाबासकी हवी होती.

दुसऱ्या दिवशी पाटावर मला मांडलं. ज्योतीरामला हौस दांडगी. त्यानं बाटल्याही माझ्यापुढं ओळीनं उभ्या केल्या आणि शेजारी समई लावली. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. सावित्रीबाई हळद-कुंकवाची कोयरी घेऊन वाकल्या. माझ्या जबड्यावर त्यांनी हळद लावली, बोट कुंकवात बुडवलं, आणि मधली बाटली फुटली.

काच त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. लुगडं बिअरनं भिजलं होतं, घरभर वास सुटला होता. आवाज ऐकून बाहेर माणसं जमली.

ज्योतीरामनं दार अर्धं उघडून सांगितलं, "सोड्याची बाटली फुटली. काय न्हाई." आणि कडी लावून घेतली.

"मला दवाखान्यात न्या," सावित्रीबाई म्हणाल्या.

"नेतो की. पण अशा वासात नेलं तर डाक्तर पोलिसाला सांगंल. मग दोघंबी आत. आधी हे आवरू दे."

त्यानं मागल्या परसात खड्डा घेतला. उरलेल्या बाटल्या एकेक करून, फुटू नयेत म्हणून पोत्यात गुंडाळून, त्यात नेऊन ठेवल्या. जमीन सारवली. मग तो माझ्याकडे वळला. माझ्यावरची हळद त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली. जबड्यात, सांध्यांत, मुठीच्या खिळीत बोटानं तेल भरलं. मला फडक्यात गुंडाळलं, वर गोणपाट घातलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. ओल लागू नये म्हणून गाठ दोनदा मारली.

"झालं का?" भिंतीकडून आवाज आला.

"आलोच," तो म्हणाला, आणि मला खड्ड्यात ठेवून माती लोटली.

पुढचं मला मातीखाली असताना घरातल्या बोलण्यातून कळलं. त्यानं सावित्रीबाईंना लुगडं बदलायला लावलं आणि दिवेलागणीला टांगा आणला. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ काच आत का राहू दिली? ज्योतीराम म्हणाला, टांगाच मिळाला नाही. सावित्रीबाई शेजारीच बसल्या होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार? डोळा गेला.

दोन पावसाळे मी जमिनीत काढले. एक दिवस ज्योतीरामनं मला उकरून काढलं, अंगणात बसून सुतळी सोडली, फडकं उलगडलं आणि मूठ खालीवर करून पाहिली. मी पूर्वीसारखाच सहज फिरलो. त्याचा चेहरा खुलला.

त्यानं हाक मारली, "बघ गं, एक ठिपका गंज न्हाई."

सावित्रीबाई तांदूळ निवडत होत्या. सूप डाव्या बाजूला कलतं धरून, मान वाकडी करून निवडत होत्या, कारण आता तसंच दिसत असे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लई निगुतीनं बांधलं हुतं तुमी त्याला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

ज्योतीरामचा हात मुठीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला चिंचवड स्टेशनाजवळच्या सरबतवाल्याला देऊन टाकलं. तिथं मी अजून बुचं दाबतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट संपताना तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझी निगा त्या दुपारी पुरेपूर राखली गेली. तुमच्या घरात कुणी डोळ्याला पदर लावून बसलं असेल, तर आम्हाला खुशाल गंजू द्या.