कूळ बदललं म्हणजे रक्त बदललं

आमच्या गावात हिवताप नाही, असं डॉक्टर शलमोन यांनी जंतू बघायच्या दुर्बिणीतून बघून जाहीर केलं, तेव्हा अर्धं गाव गोधड्यांखाली कुडकुडत होतं.

त्यात माझी बायको राही होती. तिच्या अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या, माझं घोंगडं आणि ते उडू नये म्हणून वर माझी आई. आईसकट सगळं थरथरत होतं.

लढाईमुळे हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालेलं. ज्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसतील त्यालाच गोळ्या, असा हुकूम घेऊन डॉक्टर अकोल्याहून बैलगाडीने घाट चढून वर आले होते. दवंडी पिटली: तापकऱ्यांनी चावडीवर येऊन बोटाचं रक्त द्यावं.

आता, आजारी माणसाचं रक्त कुणी काढतं का? मुळात त्याच्याकडे उरलंय किती! म्हणून प्रत्येक घराने आपला दांडगा गडी धाडला. आमच्याकडून मी.

"पन आये, राही तर दुसऱ्या घरची."

"लगीन लागलं तवाच कूळ बदललं. कूळ बदललं म्हंजी रगत बदललं. नीघ!"

रांगेत माझ्यापुढे भिमाजी पैलवान होता, त्याच्या म्हातारीच्या वतीने. सुई दिसताच तो आडवा झाला. चावडीवर त्या दिवशी आजारी म्हणावा असा तेवढाच एक.

दुपारी घरी परतलो तर थंडी जाऊन ताप चढलेला. राही आईला म्हशीच्या नावाने हाका मारत होती. एरवी आईने हे सोडलं नसतं. आज ती नुसती 'ओ' देत राहिली.

चावडीवर पळालो. गाडी जुंपलेली. डॉक्टर दुर्बीण पेटीत ठेवत होते.

"साहेब, गोळ्या!"

"कशाला? तुझं रक्त स्वच्छ आहे."

"असनारच. ताप बायकोला हाय."

पेटीचं झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं. "मग रक्त तुझं का दिलंस?"

"ती आजारी हाय ना, साहेब!"

डॉक्टरांनी दुर्बीण पुन्हा पेटीबाहेर काढली. मग गाडीवानाला म्हणाले, "बैल सोड."

राहीला पाठीवर घेऊन मी भर गावातून निघालो. बायकोला पाठुंगळी घेतलेला नवरा बघायला तापकरीसुद्धा गोधड्यांतून उठून दारात आले. चावडीवरून बघणाऱ्या डॉक्टरांना तेच हवं होतं. "या सगळ्यांना आणा!" ते ओरडले.

राहीच्या बोटाला सुई टोचली. रक्ताची काच रंगवली, वाळवली. डॉक्टरांनी डोळा लावला तो काढीचनात. मी एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. तिचा श्वास माझ्या मानेवर चटके देत होता.

"आहेत," ते म्हणाले. "भरपूर आहेत."

ऐकून मी आनंदाने उडीच मारली. पाठीवर राही होती, हे नंतर ध्यानात आलं.

डॉक्टरांनी गोळी माझ्या हातात दिली नाही. स्वतः राहीच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, आणि ती गिळेपर्यंत माझ्या तोंडावर नजर ठेवून बसले.