अकरा हिवाळ्यांचं पाणी

“फर्नेस कुणी बंद केली?” दारात पाऊल ठेवताच आर्लिसने विचारलं. एका डोळ्यावर पट्टी, पायांत अजून बर्फातले बूट.

“मीच. रात्रभर घरघर करत होती, झोप कशी लागणार?” तिचा मुलगा कर्क सोफ्यावरून उठलाही नाही. “तिच्याऐवजी हा विजेचा हीटर आणलाय. बघ, कसं उबदार झालंय!”

ट्रेलर खरंच उबदार होता. आर्लिस सिंकपाशी गेली आणि तिने नळ सोडला. पंप नुसताच गुणगुणला. पाण्याचा टिपूस नाही.

तिची दवाखान्याची पिशवी घेऊन मी मागे उभा होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ट्रेलरांच्या या कॅम्पचे नळ मी सांभाळतो, आणि आर्लिसचा शेजारीही मीच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून ही बाई निवृत्त झाली आणि या चाकांवरच्या घरात राहायला आली. नॉर्थ डकोटाचे अकरा हिवाळे तिने इथे काढले, आणि तिचं पाणी एकदाही गोठलं नाही. टाकी भरली की नळी निथळून आत टांगायची, रात्रभर बाहेर जोडून ठेवायची नाही. सांडपाण्याच्या टाकीची झडप बंद ठेवायची आणि ती भरली की एकदम सोडायची. तरणेताठे लोक पाइप फुटला म्हणून बोंबलत माझ्याकडे यायचे, आर्लिस कधी आली नाही. आता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस गेली, तर पोराला राखणीला ठेवून गेली. ‘फर्नेसला हात लावू नकोस’ असं कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहून गेली होती.

“अरे शहाण्या,” मी म्हणालो, “फर्नेसची गरम हवा तळाखालीसुद्धा जाते. पाइप तिथेच आहेत. तू खोली तापवलीस आणि पाइप गोठवलेस. बाहेर उणे सव्वीस आहे!”

“तू मध्ये पडू नकोस, ऑरिन.” कर्क आईकडे वळला. “आई, तू काय म्हणाली होतीस? ज्या दिवशी पाणी गोठेल, त्या दिवशी फार्गो शहरात येईन. तिथल्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय. मग आता?”

“तुझ्यामुळे गोठलंय, तिच्यामुळे नाही!” मी ओरडलो.

“कुणामुळे, असं काही ठरलं नव्हतं.”

त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं, तेवढी अक्कलच नव्हती. पण संधी मात्र बरोबर साधली. मला वाटलं, आर्लिस आता त्याला बखोट धरून बाहेर काढेल.

“नव्हतं ठरलं,” ती म्हणाली. “गोठेल त्या दिवशी, एवढंच म्हणाले होते मी. येते. पण माझं घर फुटू देणार नाही. ऊठ. कोट घाल आणि खाली शीर.”

“मी? हा ऑरिन आहे ना—”

“ऑरिनने गोठवलं का? शीर म्हणते ना!”

तिने फर्नेस सुरू केली आणि सिंकखालची दारं सताड उघडली. कर्क ट्रेलरखाली बर्फात उताणा, हातात तिचा हेअर ड्रायर. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, म्हणून ती ताठ उभी राहून वरून हुकूम सोडत होती. “डावीकडे! डावं कळतं ना?” मी पुढे झालो की माझ्यावरही खेकसायची.

तीनच्या सुमारास नळ खोकला आणि पाणी आलं. एकही पाइप फुटला नव्हता. क्षणभर तिने त्या धारेखाली हात धरला, मग सगळं पाणी सोडून द्यायला लावलं. टाक्या रिकाम्या, नळ उघडे, आणि शेवटी पाइपांत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे रिकामं घर थंडीत तगेल. कर्कची बोटं बधिर झाली होती. मला त्याची दया आली नाही.

जाताना तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“नको जाऊस, आर्लिस. असला कसला शब्द?”

“दिलेला,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

एप्रिलच्या अखेरीला मी तिची टाकी भरली आणि नळ उघडला. आधी गुलाबी पाणी आलं, मग स्वच्छ. खाली शिरून पाहिलं, कुठेच गळत नव्हतं. मी फार्गोला फोन लावला. “ऐक,” म्हटलं आणि फोन धारेजवळ धरला.

“ऐकलं,” ती म्हणाली. “आता बंद कर. वाया जातंय.”