सासूबाईंची खालची कवळी

डॉक्टरांनी कवळीवाल्याला सांगितलं की स्वादुपिंडाच्या या आजारात माणसाला वर्षभर मिळतं, कधी त्याहूनही कमी, आणि मग ते त्याला दारापर्यंत सोडायला आले. एवढा बिझी डॉक्टर दारापर्यंत सोडायला येतो म्हणजे काय समजायचं, ते कवळीवाला समजला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. दोघं स्वयंपाकघरात बसून रडली, मग बायकोने चहा केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

आता कवळीवाला म्हणजे कोण, ते सांगतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात. त्या मापावरून गुलाबी हिरड्या आणि त्यात बसवलेले दात करून देणारा एक माणूस कुठल्यातरी मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत बसलेला असतो. पेशंट त्याला कधी बघत नाही, तोही पेशंटला बघत नाही. हा तो माणूस. भर रस्त्यात कोण त्याच्या दातांनी हसतंय हे त्याला लांबून कळायचं, पण ओळख दाखवायची सोय नव्हती. कवळीवर कोणी सही करत नाही, आणि घालणारा तर ती कवळी आहे हेच जगापासून लपवतो. म्हणजे काम जितकं फक्कड, तितकं ते कोणी केलंच नाही असं ठरतं.

हे त्याला आधी कधी डाचलं नव्हतं. आता डाचायला लागलं. तसा तो विश्वासाचा माणूस होता. मेल्यावर आपण प्रभूकडे जाणार याबद्दल त्याला शंका नव्हती, निदान रविवारी तरी नव्हती. पण सोमवारी मशीनवर कवळी घासताना मनात यायचं, जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? तिथे विचारलं, बाबा रे, काय करून आलास, तर काय सांगायचं? दात? तिथे दात कोणाला लागतात? म्हणून त्याने रोज सकाळी एकच मागणं लावून धरलं, की प्रभू, उरलेल्या दिवसांत माझ्या हातून काहीतरी टिकणारं काम करून घे.

चर्चमध्ये बातमी कळली आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. पाळकसाहेब म्हणाले, देवाने तुम्हाला कसं सांभाळलं त्याची सगळ्यांसमोर साक्ष द्या, लोकांना बळ मिळेल. तो उभा राहिला, दोन वाक्यं देवाबद्दल बोलला, तिसरं वाक्य आपोआप कवळीच्या अॅक्रिलिकबद्दल निघालं, तेव्हा खाली बसला. कोणी सुचवलं, नावाची पाटी लावून चर्चला एक बाक द्या. त्याने आधीच्या बाकांवरच्या पाट्या वाचून बघितल्या. त्यातला एकही माणूस कोण होता ते कोणाला माहीत नव्हतं, आणि एका पाटीवर च्युइंगम चिकटवलेलं होतं. मग त्याने एक भक्तिगीत रचलं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी ते वाजवून बघितलं आणि फार गोड शब्दांत सांगितलं की चाल छानच आहे, आपण ती कित्येक वर्षं गातोय.

या सगळ्यात सासूबाई काही बोलल्या नाहीत. सासूबाई त्याच्याच घरात राहायच्या. त्यांना जावई पाळक हवा होता, मुलीने आणला कवळीवाला. ‘बोलणारं तोंड मागितलं होतं, नुसते दात मिळाले,’ असं त्या लग्नाच्या दिवशी म्हणाल्या होत्या. कवळीवाल्याला हे नंतर तीन निरनिराळ्या नातेवाइकांनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं. नातेवाईक असतातच कशाला! इतकी वर्षं झाली तरी सासूबाई त्याला ‘जावई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायच्या, आणि तेही इतक्या अदबीने की मीटर बघायला येणाऱ्या माणसाला त्याहून जास्त माया मिळायची.

पण एक गोष्ट खरी. सासूबाईंसारखी प्रार्थना करणारं माणूस त्या चर्चमध्ये दुसरं नव्हतं. पाळकसाहेबांची प्रार्थना शुद्ध असायची, सासूबाईंची लागू पडायची. देवाशी त्या थोरल्या भावाशी बोलावं तशा बोलायच्या, हक्काने आणि वेळ पडली तर चार शब्द सुनावून. कोणाचं ऑपरेशन असो, कोणाचं पोर तापाने फणफणलेलं असो, बायका आधी सासूबाईंकडे यायच्या आणि मग केमिस्टकडे जायच्या.

हे गेल्या हिवाळ्यात बंद पडलं. भर उपासनेत सासूबाई उभ्या राहून एका आजारी बाईसाठी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. ‘हे सर्वसमर्थ’ एवढं म्हणाल्या आणि खालची कवळी सटकली, पुढच्या बाकाच्या पाठीवर आपटली आणि खाली पडली. पुढच्या गृहस्थांनी वाकून ती उचलली आणि हरवलेली छत्री परत करावी तशी दोन्ही हातांनी परत केली. सासूबाईंनी ती रुमालात गुंडाळली आणि खाली बसल्या. त्यानंतर त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं नाही. प्रार्थना बंद, गाणं बंद, जेवणसुद्धा आपल्या खोलीत, दुधात भिजवलेला पाव.

कवळीवाल्याचं दुखणं कळल्यावर बायको वाट बघत राहिली की आज ना उद्या आई यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करेल. आईने ठेवला नाही. बायकोला वाटायचं, दातांमुळे. कवळीवाल्याला वाटायचं, माझ्यामुळे. परक्याच्या पोरासाठी ज्या बाई तास तास देवाशी भांडल्या, त्यांना जावयासाठी एक शब्द सुचू नये, हे त्याला लागलं होतं. पण सांगतो कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एके दिवशी तो पुन्हा ते टिकणाऱ्या कामाचं पुराण लावून बसला, तेव्हा बायको वैतागली. ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्ही जगाला टिकणारं काय द्यायचं ते शोधताय, आणि तुमच्याच हातची कवळी तुमच्याच घरातल्या तोंडात टिकत नाही. कवळीवाला चिडला. मरायला टेकलेल्या माणसाला म्हातारीच्या दातांना जुंपतेस का, असं काहीतरी बोलून बसला. मग अर्ध्या तासाने वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने फळीवरून सासूबाईंच्या तोंडाचे जुने साचे काढले.

साचे एकमेकांवर ठेवल्यावर चूक लगेच दिसली. कवळी करताना मेणाच्या पट्ट्या तोंडात घालून माणसाला सहज तोंड मिटायला सांगतात. खालचा जबडा नेमका कुठे टेकतो, ते तिथे पकडायचं असतं. याला चावा घेणं म्हणतात. सासूबाईंचा चावा जबडा पुढे काढून घेतलेला होता. आणि हा चावा घेतला होता तो आठवडाही त्याला आठवला. सासरे गेले होते, राहतं घर विकलं होतं, आणि जावयाच्या दारात राहायची वेळ आली म्हणून सासूबाई दातओठ खात या घरात शिरल्या होत्या. बोळक्या तोंडाने जितके खाता येतात तितके. तोच राग मेणात पकडला गेला, आणि त्याने तो प्लास्टरमध्ये ओतून अॅक्रिलिकमध्ये पक्का केला. पुढे सासूबाई आपल्यापरीने निवळल्या, जबडा मागे आपल्या जागी आला. कवळी निवळली नाही.

नवीन करायची ठरली. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना त्याच्या वर्कशॉपच्या शेजारीच होता. सासूबाई नाही म्हणाल्या, मग लेकीचं तोंड बघून आल्या. माप नीट झालं. चाव्याच्या वेळी मात्र पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आजी, अगदी सैल सोडा. हे ऐकलं की सासूबाईंचा जबडा आणखी आवळायचा आणि पुढे यायचा. जीभ टाळूला लावून झाली, आवंढा गिळून झाला, खांदे चोळून झाले. कवळीवाला कोपऱ्यात उभा होता, आणि त्याच्याकडे नजर गेली की जबडा हमखास पुढे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मेण पुन्हा गरम करून तोंडात बसवलं, आणि तेवढ्यात बाहेर कोणाचीतरी दाढ ठणकायला लागली म्हणून त्या दोन मिनिटं उठून गेल्या.

खोलीत कवळीवाला आणि सासूबाई उरले. सासूबाईंच्या तोंडात वर-खाली मेणाच्या पट्ट्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून अशी संधी कवळीवाल्याला कधी मिळाली नव्हती. मनात साठवलेली उत्तरं पुष्कळ होती. तो स्टूल ओढून समोर बसला, आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“आई,” तो म्हणाला, “मला भीती वाटते. हिलासुद्धा सांगितलं नाही. चर्चमध्ये सगळे मला म्हणतात, तुमचा विश्वास किती मोठा. आणि मी इथे दिवसभर बसून घाबरतो. मरणाला नाही घाबरत. रिकाम्या हाताने जायला घाबरतो. एवढं आयुष्य मिळालं, आणि दाखवायला काही नाही.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले, आवळलेली हनुवटी हलली आणि जबडा सुटून आपल्या जागी, मागे गेला.

“आता मिटा,” कवळीवाला म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत असलं तरी हाताला तीस वर्षांची सवय होती. सासूबाईंनी तोंड मिटलं. मेणात चावा बसला, अगदी जिथे बसायला हवा तिथे. डॉक्टरीणबाई परत आल्या, बघितलं आणि विचारलं, कसं काय जमवलंत? कवळीवाल्याने सांगितलं की गप्पा मारत होतो.

ती कवळी त्याने हळूहळू केली, कारण आता उभं राहिलं की दम लागायचा. दात त्याने फार पांढरे घेतले नाहीत. पुढचा एक किंचित तिरका बसवला, सासूबाईंच्या तरुणपणीच्या फोटोत होता तसा. शेवटचं घासणं झालं तेव्हा त्याच्या अंगात घरापर्यंत चालायची ताकद नव्हती. बायकोने त्याला गाडीतून आणलं, खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली. नव्या कवळीची डबी त्याच्या मांडीवर होती.

सासूबाईंनी पाठ फिरवून कवळी बसवली. मग बिस्किट खाऊन बघितलं, कोरडं, दुधाशिवाय. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. कवळीवाल्याने त्यांना सांगितलं की साठपासून पुढे मोजा. या आकड्यांत ‘स’ फार येतो, आणि कवळी कुठे शिट्टी मारत असेल, कुठे हलत असेल, तर तिथे लगेच समजतं. सासूबाई म्हणाल्या, मी काही शाळेत नाही, मला जे म्हणायचंय ते म्हणेन, तुम्ही तुमचे दात ऐका. आणि त्या खुर्चीजवळ आल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बायको दारात होती, ती तिथेच थांबली.

“प्रभू,” सासूबाई म्हणाल्या, “हा बघ. तू याला आधीपासून ओळखतोस, मी उशिरा ओळखलं. हा माझा लेक आहे.”

कवळीवाला मान खाली घालून ऐकत होता. शिट्टी नव्हती. खालची कवळी हलत नव्हती.

“हा घाबरलाय. तुलाही क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत घाम फुटला होता, तेव्हा भीती काय असते ते तुला मी सांगायला नको. याला वाटतं, आपल्या हातून टिकणारं काही झालं नाही. मी तुझ्याकडे ते मागत नाही. याने केलेलं टिकेल नाहीतर मोडेल, माझंसुद्धा तेच होणार आहे. हा तुझ्यापाशी टिकू दे, एवढंच माझं मागणं आहे. हा म्हणतो, मी रिकाम्या हाताने जाणार. मग बरंच झालं. भरलेले हात कोणाला धरता येत नाहीत. तू याचे धर. याचे दिवस थोडे असतील तर थोडे दे, पण एकही वाया जाऊ देऊ नकोस, आणि माझ्या लेकीला एकटी सोडू नकोस. आमेन.”

दारातून बायकोचं ‘आमेन’ आलं, अर्धं. सासूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं की कवळीचं काय, नीट बसलीय का?

“माहीत नाही,” कवळीवाला म्हणाला. “सुरुवातीला दात ऐकत होतो. नंतर राहून गेलं. आई, पुन्हा एकदा म्हणाल का?”

सासूबाई म्हणाल्या की देव बहिरा नाही, त्याला एकदा सांगितलेलं पुरतं. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं, शाल वर ओढून नीट केली, डोक्यावर पुन्हा हात ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.