मिस्त्रींचा घोडा

मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते कुणाच्या तरी घरी दाराची चौकट बसवत होते. दवाखान्यातून परतले ते उजवा हात आणि उजवा पाय तिथेच विसरून आल्यासारखे. जीभही जड झाली होती. डोकं मात्र शाबूत होतं, आणि खरं दुखणं तेच होतं. दिवसभर खिडकीशी बसायचे, समोरच्या दाराची बिजागरी वाकडी बसली आहे हे त्यांना दिसायचं, आणि उठून ती सरळ करता यायची नाही.

त्यांची बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. दिवसभर मशीन चालवायची, मधे उठून नवऱ्याला औषध द्यायची, त्याचा हात चोळून द्यायची, पुन्हा मशीनवर बसायची. रडत बसायला तिला सवड नव्हती आणि तो तिचा स्वभावही नव्हता.

पावसाळा सरल्यावर ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पत्रा गळला होता आणि नेमका हत्यारांच्या पेटीवर. झाकण उघडलं तर रंधे, पटाशा, करवती, गिरमिट, सगळ्यांवर तांबूस गंज चढलेला. पटाशांच्या मुठी फुगून तडकल्या होत्या. मिस्त्री या पेटीला कुणाला हात लावू देत नसत. एकदा तिनं डबा उघडायला पटाशी घेतली होती, तर दोन दिवस धुसफुस चालली होती.

तिनं पेटी ओढत त्यांच्यासमोर आणली.

"भंगारात दे," मिस्त्री म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

धाकटा दीरही सुतारच होता. त्याचं काम सगळं मशीनवर चालायचं. तो आला, पेटीत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, दादा बरोबर बोलतोय. आजकाल हातानं रंधा मारतो कोण? आणि त्याच्यासमोर हे पसरून ठेवू नका. उगाच जिवाला लागतं."

"बघते," ती म्हणाली. दीर ओळखून होता, वहिनी 'बघते' म्हणाली की ती आपल्याच मनासारखं करणार.

ती दुपारची शिवण बाजूला सारून हत्यारं घेऊन बसायला लागली. रॉकेलमध्ये भिजवायची, तारेच्या ब्रशनं घासायची, मग पॉलिश पेपर, मग तेलाचा हात. तिचं पोटही कात्रीच्या धारेवरच भरत होतं, त्यामुळे पातं कसं धरायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. मिस्त्री आपण बघत नाही असं दाखवत बघायचे.

तळहातात मावणारा एक छोटा रंधा होता. लाकडाच्या कडा मारायचा. त्याच्या पात्याला खोल खड्डे पडले होते. घासून घासून तिचे खांदे भरून आले तेव्हा ती ते पातं घेऊन शेजारच्या वेल्डरकडे गेली. त्यानं ते ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडाल्या, खड्डे गेले, पातं आरशासारखं झालं. फक्त टोकाला निळसर झाक आली होती. तिला ती शोभाच वाटली. कौतुकानं तिनं पातं मिस्त्रींपुढे धरलं.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "पाणी उतरवलंस त्याचं," ते म्हणाले. "माझ्या बापाचं पातं होतं. मऊ झालं आता. केळ्याच्या सालीसारखं."

तिनं पातं खाली ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली. कुणाच्या तरी शर्टाची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. इतके महिने उष्टं-खरकटं, औषधपाणी सगळं निमूट केलं, आणि हा माणूस एका लोखंडाच्या तुकड्यासाठी असा बघतो.

संध्याकाळी आतून हाक आली. "ए, ऐक."

ती गेली नाही.

"निळं झालंय तेवढंच मेलंय," आतून जड आवाज आला. "मागचं शाबूत आहे. निळं झिजवून टाक. दगडावर, हातानं. पाण्याचा हात देत राहा."

ती दारात येऊन उभी राहिली. "हे आधी सांगता आलं नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

खरं होतं. आणि ते कधीपासून 'भंगारात दे' याखेरीज काही बोलले नव्हते, हेही खरं होतं.

निळं झिजवायला तिला बरेच दिवस लागले. मिस्त्री खुर्चीतून सांगायचे, "टोक उचलतेस तू," आणि ती म्हणायची, "नाही उचलत." मग बघायची तर उचललेलंच असायचं. एका सकाळी तिनं पातं त्यांच्या डाव्या अंगठ्यावर टेकवलं. त्यांनी धार चाचपली आणि रंध्यात पातं बसवायला सांगितलं. मग डाव्या हातात रंधा घेऊन ते टेबलाच्या कडेवर ओढायला गेले. टेबल सरकलं. लाकडाचा तुकडा घेतला तर तोही सरकला. इथे घोडं अडलं. एका हातानं रंधा मारायचा तर लाकूड धरणार कोण?

"मी धरते," ती म्हणाली.

"मग तुझी शिवण कोण करणार? मी?"

विचार करायची तिची जागा म्हणजे मशीन. कापड दोन्ही हातांनी सरकवताना ते दाबून कोण धरतं? मशीनचा पाय. तिची पायानं चालवायची जुनी मशीन मोटारवाली आल्यापासून कोपऱ्यात पडून होती. तिनं तिचं लोखंडी पायडल सोडवलं. मोडक्या खाटेचे पाय आणि पाट्या काढल्या. नव्यानं धार लावलेली करवत आणि गिरमिट चालवत, मधूनमधून मिस्त्रींच्या चार शिव्या ऐकत तिनं एक बुटकं बाकडं जोडलं. वर एक हलणारा लाकडी जबडा. डाव्या पायानं पायडल दाबलं की जबडा खाली येऊन लाकूड धरणार, पाय उचलला की सोडणार. पहिला सांधा तडकला, दुसरा जमला. मिस्त्रींनी त्याचं नाव घोडा ठेवलं.

पहिल्याच दिवशी घोड्यानं लाथ मारली. रंध्याचा जोर लागला, लाकूड जबड्यातून निसटलं आणि मिस्त्रींच्या भुवईवर बसलं. रक्त आलं. नेमका दीर तेव्हाच दारात.

"वहिनी, डोळा गेला असता," तो म्हणाला. एरवी तो तिच्याशी आवाज चढवून बोलत नसे. "त्याला खेळणं पाहिजे की तुम्हाला?"

तिनं जखम पुसली, पट्टी लावली आणि पाना घेऊन घोड्याचे बोल्ट सोडवायला बसली.

"हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तो बरोबर बोलतोय."

"जबडा गुळगुळीत आहे, म्हणून निसटलं. आणि मी कडेला धरलं होतं, मधे धरायला हवं होतं." मग भावाकडे बघून म्हणाले, "तुझ्या मशीननं तुझं बोट खाल्लं तेव्हा मी मशीन विकायला सांगितलं होतं का?"

दीरानं हात खिशात घातला. थोड्या वेळानं बाहेर गेला आणि सायकलची फाटकी ट्यूब घेऊन आला. टेलरबाईनं ती जबड्याला आतून चिकटवली, पायडल आणि जबडा जोडणारा दांडा पायडलच्या बिजागरीजवळ घेतला, म्हणजे कमी जोरात जास्त दाब यावा. मिस्त्रींनी पाय दाबला. दीरानं लाकूड दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही.

मिस्त्रींनी पटाशीची मूठ करायला घेतली. पहिली वाकडी झाली, ती त्यांनी अंगणात भिरकावली. दुसरीही वाकडी झाली, पण तिच्यावर ते बराच वेळ हात फिरवत बसले आणि पटाशीला ठोकून द्यायला सांगितली.

उजवा हात पुढेही उठला नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी पाय थकेपर्यंत मिस्त्री घोड्यावर बसायचे आणि मुठी करायचे. दीरानं आपल्या प्लॅस्टिक मुठीच्या पटाशा आणून दिल्या, "करून बघ जमलं तर," असं म्हणत. मिस्त्रींनी त्याला हात पुढे करायला लावला, तुटक्या बोटासकट मूठ वळवून बघितली आणि त्या बेतानं लाकूड निवडलं. मूठ जाड की बारीक यावरून दोघांचं असं वाजलं की पुढच्या खोलीत माप द्यायला आलेली बाई दचकली.

"भांडतायत का हो?" तिनं विचारलं.

"नाही. काम चाललंय," टेलरबाई म्हणाली आणि तिचा खांदा मोजला.

पुढे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत लाकडाच्या कुरळ्या साली निघायला लागल्या. टेलरबाई म्हणाली, मधल्या दाराला पडदा लावते.

"पडदा नको," मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाले. "तू दिसत नाहीस मग."

तिनं पडद्याचं कापड परत घडी करून ठेवलं, आणि कपडे देण्याआधी ते झटकायची सवय लावून घेतली.