जीभ वर कर

छाया माझी धाकटी बहीण, सिन्नरला दिलेली. तिच्या मानेला क्षयाच्या गाठी आल्या आणि तिच्या सासूने, चंद्रभागाबाईने, नेम धरला. रोज सकाळी ओट्यावर गोळ्या गिळायला लावायच्या, मग "तोंड उघड, जीभ वर कर" म्हणत गालात बोट फिरवायचं. शेजारणी बघत उभ्या. तरी गाठी वाढतच गेल्या. "मागल्या दारी जाऊन ओकून टाकती," असं म्हणत बाईने तिला आमच्या मखमलाबादच्या मळ्यात आणून सोडलं.

नाशिकच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, "खरं सांगा, गोळ्या चुकवल्या ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हिचं तोंड सगळ्यांनी तपासलं. आता त्या जंतूला तपासा." ते जरा वरमले. गाठ काढून मुंबईला पाठवली तर तिथे जंतूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचतात, कुठलं औषध चालणार नाही ते कळतं, असं म्हणाले.

गाठ काढली आणि ऑपरेशनवाल्यांनी ती फॉर्मालिनमध्ये बुडवली. मुंबईहून फोन आला, जनुकांचा पार चुरा झालाय, वाचता येत नाही. सलाईनमध्ये ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. "गाठ नेहमी फॉर्मालिनमध्येच जाते," हे ऑपरेशनवाल्यांचं उत्तर. सवय त्यांची, मान माझ्या बहिणीची.

"अजून एक गाठ हाय ना? काढा," छाया म्हणाली. "मी खोटारडी नाय."

या वेळी सलाईनची बाटली घेऊन मी स्वतः ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभी राहिले. कुणाची भीड ठेवली नाही.

निकाल आला. मुख्य गोळ्या त्या जंतूवर चालतच नव्हत्या, कितीही नेमाने घेतल्या तरी. "असा जंतू बहुतेक दुसऱ्याकडून येतो," डॉक्टर म्हणाले. "घरात कोण खोकतं?"

सासू खोकायची. दमा आहे म्हणायची. तिचा बेडका मुंबईला गेला आणि जनुकात तोच बदल, त्याच जागी सापडला. मग तिने कबूल केलं, पूर्वी क्षय झाला होता, बरं वाटल्यावर गोळ्या गुपचूप सोडल्या. घरात कुणाला पत्ता नव्हता.

छायाला नवी औषधं सुरू झाली, तशी दवाखान्यात सासूलाही. तोंडाला रुमाल बांधून छायाच पाणी घेऊन गेली.

"गिळा, आत्याबाई. आता तोंड उघडा. जीभ वर करा."

म्हातारीने मुकाट्याने जीभ वर केली. छायाने गालात बोट घातलं नाही. तिच्या जागी मी असते तर घातलं असतं.