ओदाजिमाबाई परीक्षेला बसतात

उपमुख्याध्यापक कुराहाशी हॉस्टेलवर स्वतः चालत आले आणि येताना सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन आले, की कुणाच्या तरी ताटातलं काहीतरी उचललं जाणार, हे अंधशाळेत सगळे ओळखून होते. गेल्या आठवड्यात ती फळं नागामिनेंच्या खोलीत गेली होती. नागामिने म्हणजे जन्मभर ताटामीच्या चटया शिवलेला माणूस. उतारवयात नजर गेली, तेव्हा मालिश शिकायला आला. फळं खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी "प्रकृती जरा बरी नसते" असं सांगून मालिशच्या परवान्याच्या परीक्षेतून नाव मागे घेतलं. त्या दुपारी त्याच प्रकृतीने तीन वाट्या भात हाणल्याचं जेवणघरात सगळ्यांनी ऐकलं.

आज फळं ओदाजिमाबाईंच्या दारात उभी होती.

"आहात का, ओदाजिमाबाई? सहजच आलो."

"सहज आलात, मग पिशवी कसली वाजतेय?"

"आमच्या घरच्या झाडाची आहेत हो. आईने स्वतः सोलून टांगली होती." कुराहाशी गुडघे मोडून समोर बसले आणि त्यांनी एक दीर्घ उसासा सोडला. आंधळ्यांच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांना चेहऱ्याने काही दाखवायची सवय उरली नव्हती. सहानुभूती ते नाकाने सोडत. "तुमची सराव परीक्षा पाहिली. फार वाईट वाटलं."

"मी पाहिली नाही, म्हणून मी मजेत आहे."

"यकृत डाव्या बाजूला असतं, असं उत्तर दिलंत तुम्ही."

"असतं हे तरी बरोबर आलं ना?"

यकृताची गोष्ट जरा सांगायला हवी. बाईंनी उमेदीची सारी वर्षं सहलीच्या बसमध्ये गाईड म्हणून घालवली होती. पांढरे हातमोजे, तिरकी टोपी, ड्रायव्हरशेजारी उभं राहून माइकवर गाणी. गाईड उभी राहते ती प्रवाशांकडे तोंड करून. प्रवाशांचा उजवा हात तो तिचा डावा. म्हणून "मंडळी, आपल्या उजव्या हाताला पाहा" असं म्हणताना तिने डावा हात वर करायचा असतो. नव्या मुली वर्षभर यात घोळ घालतात आणि मग हा उलटा हिशेब हाडात जाऊन बसतो. बाईंच्या हाडात तो असा बसला होता की रोगी उताणा असला, तोंड समोर असलं, की त्यांची बाजू कधी चुकत नसे. रोगी पालथा झाला की मात्र डाव्याचं उजवं होई. आणि मालिश म्हटलं की माणसं पालथीच पडतात. लेखी प्रश्नात तर रोगी उताणा की पालथा, हे कुणी सांगतच नाही. मग बाईंचा हात आपोआप उलटा उठे.

नजर त्यांची हळूहळू गेली, कडेकडून आत. शेवटची दोन वर्षं त्या न दिसणारे देखावे पाठ म्हणून दाखवत होत्या आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नव्हती. एके दिवशी दाट धुक्यात उभ्या राहून त्यांनी तळ्याच्या निळ्याशार पाण्याचं असं काही वर्णन केलं, की बसमधल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि कंपनीने दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला पाठवलं.

"माझं ऐका," कुराहाशी म्हणाले. "मार्चमध्ये मानाने शाळा पुरी करा. भावाच्या घरी जा. निवांत अभ्यास करा. पुढच्या वर्षी घरून परीक्षेला बसा. घाई कसली?"

घरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत, हे ते बोलले नाहीत. न बोलण्यात त्यांचा हातखंडा होता. घरी निवांत अभ्यासाला गेलेल्यांपैकी परीक्षेपर्यंत आजवर कुणी पोचलं नव्हतं, हेही ते बोलले नाहीत.

बाईंना भावाचं घर चांगलं ठाऊक होतं. भाऊ सज्जन होता आणि भावजय तर विलक्षण प्रेमळ होती. इतकी प्रेमळ, की बाईंना चहाचा कपसुद्धा उचलू देत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने बाईंचे मोजेही स्वतः चढवले होते. अशा प्रेमात माणूस दोन वर्षांत उशी होऊन जातो. दुसरीकडे डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावची एक सराईवाली बाईंचा आवाज ऐकून खूश झाली होती. "परवाना घेऊन या, खोली आणि काम दोन्ही देते," म्हणाली होती. परवान्याशिवाय नुसता आवाज मात्र तिला नको होता.

"मी बसणार आहे," बाई म्हणाल्या.

"विचार करा."

"केला. आणि ही फळं घेऊन जा."

आणलेली भेट परत करायची म्हणजे त्या मुलखात पाहुण्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. कुराहाशींचा श्वास अडकलेला बाईंनी स्पष्ट ऐकला. "बरं," ते उठता उठता म्हणाले, "अर्जाबरोबर शाळेचं प्रमाणपत्र लागतं. ते तयार व्हायला... आजकाल जरा वेळ लागतो हो."

"किती?"

"जरा."

अर्जाची मुदत केव्हा संपते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला नागामिनेंनी धुरी दिलेला मुळा कडाकडा चावत चौकशी केली. "काय गाईडबाई, फळं गोड होती का?"

"परत पाठवली."

चावणं थांबलं. "परत? मी आठ खाल्ली हो."

"म्हणून तुमची प्रकृती बिघडली."

पुढच्या आठवड्यात कुराहाशी पुन्हा आले, या वेळी रिकाम्या हातांनी. म्हणजे आता त्यांनाच काहीतरी हवं होतं. शाळेचा वार्षिक उत्सव जवळ आला होता. गावकरी, पालक, शिक्षण खात्याचे साहेब, सगळे येणार. पाहुण्यांना शाळा फिरवून दाखवायला ओदाजिमाबाईंसारखा आवाज साऱ्या प्रांतात नाही, असं ते म्हणाले आणि ते खरंही होतं.

"दाखवते की," बाई म्हणाल्या. "गाईडला जे आहे ते दाखवायचंच असतं."

एवढ्या चटकन होकार आल्यावर शहाण्या माणसाने घाबरायला हवं होतं. पण कुराहाशी समाधानाने गेले.

उत्सवाच्या सकाळी बाईंनी ट्रंकेतून पांढरे हातमोजे काढले. दारात पाहुण्यांचा घोळका जमला. बूट काढण्याचे, सपाता ओढण्याचे आवाज आले. बाई त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि उलट्या पावलांनी चालत, एक हात भिंतीला लावत, सगळ्यांना पुढे घेऊन निघाल्या.

"सुप्रभात मंडळी! आपल्या डाव्या हाताला पाहा, मालिशची खोली. शेजारचे आजी-आजोबा इथे फुकट पाठ रगडून घेतात आणि जाताना तक्रार करतात. उजव्या हाताला ब्रेलची वाचनखोली, इथे रात्री दिवे लागत नाहीत, त्यामुळे विजेची मोठी बचत होते."

पाहुणे हसले. साहेब सर्वांत मोठ्याने हसले. मागे कुराहाशींनीही हसून साथ दिली.

"आणि आता मंडळी, समोरच्या भिंतीवर आमच्या शाळेचं मुख्य आकर्षण. लाकडी फलक, सोनेरी अक्षरं. काय लिहिलंय, कुणी वाचेल का? आम्हाला येत नाही. फलकावर ब्रेल घालायचं राहून गेलंय."

एका लहान मुलीने वाचलं, "परवाना परीक्षा, निकाल शंभर टक्के."

"शाब्बास! ही शाळेची फार जुनी परंपरा आहे. ती राखायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. आमच्या बसमध्ये सुद्धा अशीच युक्ती होती. ज्याला बस लागते, त्याला बसमध्ये घ्यायचंच नाही. मग बसमध्ये कुणी ओकत नाही. यंदा नागामिने नावाच्या गृहस्थांना गोड फळं देऊन खाली उतरवण्यात आलं. मलाही फळं आली होती, पण मी उतरले नाही. सध्या माझं तिकीट कचेरीत अडकलंय. चला मंडळी, पुढे जिना आहे, सांभाळून."

कुणी हसलं नाही. मग साहेब हळूच म्हणाले, "कुराहाशी, कसलं तिकीट?"

"अहो, ते प्रमाणपत्र... ते तर काल सहीला..." कुराहाशी म्हणाले आणि बाकीचं वाक्य जिन्यावर सोडून दिलं.

प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. शाई अजून ओली होती, असं म्हणतात.

आता खरी पंचाईत सुरू झाली. बंड करायला हिंमत पुरते, परीक्षेला अभ्यास लागतो. हाताकेयामा-सर शरीररचना शिकवत. जन्मांध माणूस, जिभेला काटे. त्यांनी बाईंना बर्फ पडत असतानाही पहाटे खोलीत बोलावून विचारायला सुरुवात केली.

"प्लीहा?"

"उजवीकडे."

"तुमची की बसची?"

"सर, मला उलटंच सुचतं."

"मग उलट्याचं उलट सांगा."

तेही करून पाहिलं. मग बाईंना आपण उलट्याचं उलट केलं की उलट्याच्या उलट्याचं उलट, हेच कळेना. एकदा तर त्यांनी हृदय पोटात घातलं. शेवटी उपाय सापडला तो नागामिनेंना, आणि तोही चिडून. रोज ते सरावासाठी बाईंच्या हाताखाली पालथे पडत आणि त्यांची एकच बाजू दोनदा रगडली जाई.

"गाईडबाई, एक सांगू का? तुम्ही उभ्या असता. सतत उभ्या."

"मग?"

"बसा की. प्रवाशाच्या सीटवर. तोंड पुढे. ज्याचं अंग दाबताय, त्याच्या जागी बसा. म्हणजे त्याचा उजवा तोच तुमचा उजवा."

साऱ्या नोकरीत बाई चालत्या बसमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. घाटातसुद्धा नाही. "मी कधी बसले नाही हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच माइकविना असल्यासारखा आला.

"माझ्या पाठीची पण कधी कुणी चौकशी केली नाही. आता बसता की मी उठू?"

बाई बसल्या. मनातल्या मनात खिडकीशेजारची सीट घेतली, पाय लांब केले आणि दुसऱ्या कुणीतरी दाखवलेलं शरीर पाहू लागल्या. उजव्या हाताला यकृत. डाव्या हाताला प्लीहा. उजव्या हाताला, जरा खाली, आंत्रपुच्छ. फार प्रसिद्ध नाही, पण दुखलं की सगळे ओळखतात.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. प्रश्न ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवले गेले. त्या मठ्ठ सुरात वाचणारीला आपल्या कंपनीने पहिल्याच वळणावर उतरवलं असतं, असं बाईंचं मत पडलं. पण पेपर संपून बाहेर आल्या, तेव्हा त्या गुणगुणत होत्या.

मार्चअखेर निकाल लागला. त्याच दिवशी हॉस्टेल रिकामं करायचं होतं. भाऊ आणि भावजय गाडी घेऊन दारात आले होते, बाईंची ट्रंक गाडीत चढली होती. कुराहाशी कचेरीतून कागद घेऊन आले. या वेळी ते उसासा सोडायला विसरले.

"डावं-उजवं एकही चुकलं नाही," ते म्हणाले. "सार्वजनिक आरोग्य आणि कायदा, या दोन विषयांनी घोटाळा केला. थोडक्यात गेलं, ओदाजिमाबाई. नापास."

नागामिने बाजूला उभे होते, आपलं गाठोडं पाठीवर घेऊन. छपरावरून वितळलेलं बर्फ ठिबकत होतं.

"म्हणजे आता शाळेचे शंभर गेले," बाई म्हणाल्या.

"गेले."

"मग आता तुम्हाला राखायला काय उरलं?"

कुराहाशींनी विचार केला. माणूस मुळात वाईट नव्हता, फक्त फार दिवस एका आकड्याची राखण करत बसला होता. "तसं... काहीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तर मग पुढच्या वर्षी शाळेच्या नावाने दोन नावं धाडा. माझं, आणि यांचं. यांची प्रकृती आता सुधारली आहे. सुधारली ना हो?"

"सुधारली!" नागामिने ओरडले.

"पण तुमची शाळा संपली आहे. राहणार कुठे?" कुराहाशींनी विचारलं.

"हॉस्टेलच्या निम्म्या खोल्या ओस पडल्यात. रात्री मला घुमताना ऐकू येतात. पुढचा अभ्यास करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना वर्षभर ठेवून घ्यायची सोय आहे, हाताकेयामा-सरांनी सांगितलंय मला. सही तुमची लागते. या वेळी शाई आधीच वाळू द्या."

"करतो," कुराहाशी म्हणाले.

गाडीशी भावजय गलबलून गेली होती. "ताई, जाऊ द्या ना तो परवाना! किती मनाला लावून घ्याल? चला घरी. गरम अंघोळ, गरम जेवण. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही." आणि तिने दोन्ही हातांनी बाईंचं कोपर घट्ट धरलं.

बाईंनी ते कोपर अलगद, पण पुरतं सोडवून घेतलं. कोणता स्नायू कसा सैल करायचा, एवढं त्या शिकल्या होत्या. मग गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या, चाचपून डिकी उघडली, आणि भाऊ "अगं, राहू दे, मी काढतो" म्हणत पुढे येईपर्यंत आपली ट्रंक स्वतःच ओढून बर्फाच्या चिखलात खाली ठेवली.

"तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "घाटात धुकं असेल, सावकाश जा. नागामिने, ही एक कडी धरा. मी दुसरी धरते."