अल्लीपूरच्या मंदाबाईचं रक्त मी धुतलं

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, माणसाचं रक्त धुणारी. तोंड वाकडं करू नका. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यांच्या अंगात साचलेली घाण आणि पाणी मी काढते, म्हणून ती माणसं जगतात. दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि लाकडी पेटीत बसून मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात आले. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, पेढासुद्धा दाखवला. मीही फुगले! आता माझा पडदा पिवळा पडला आहे, एक चाक अडतं आणि मला कोपऱ्यातल्या खाटेजवळ सरकवलं आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला चीड आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

अल्लीपूरच्या मंदाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या आणि बाजारात स्वतः बसून विकायच्या. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे, असं त्याच हसत सांगायच्या. किडन्या गेल्या हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाजाराचा. "मी बाजारात बसू शकीन ना?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याशेजारीच उभं राहून त्यांना दोन वाटा समजावल्या. एक माझी. हातावर छोटं ऑपरेशन करून शीर जाड करायची, मग आठवड्यातून तीनदा वर्ध्याला यायचं आणि दोन जाड सुया टोचून घेऊन चार तास पडून राहायचं. दुसरी वाट पोटाची. पोटात मऊ नळी बसवायची, थैलीतलं औषधी पाणी तिच्यातून आत सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. हे रोज तीन-चारदा, पण आपल्या घरी. हात नीट धुतले नाहीत, खोली स्वच्छ ठेवली नाही तर पोटात जंतू शिरतात, हेही बाईंनी लपवलं नाही. ती थैली म्हणजे माझी सवतच. तिचं कौतुक माझ्या तोंडून निघणं कठीण, पण खरं ते खरं. मंदाबाईंना तीच बरी होती. एसटीच्या खेपा वाचल्या असत्या आणि बाजाराचा दिवस सुटला नसता.

"मले घरचीच लावा," मंदाबाई म्हणाल्या. "हात धुवाले काय लागते? मी शिकीन."

पण त्यांच्या घरात मोठ्या दिरांचा, भैय्याजींचा शब्द शेवटचा. ते लगेच पुढे झाले. "पोटाले भोक पाडून, नळी लटकवून बाई पूजेले बसन का? अन् दवाखान्याचं काम घरी बाईमान्सानं कराचं? काई नाई. मशीनच लावा."

मंदाबाईंचे यजमान लक्ष्मणराव फरशीकडे पाहत म्हणाले, "भाऊ म्हनते तसंच करा."

डॉक्टरीणबाईंनी मंदाबाईंना विचारलं, "चालेल ना?" सगळ्यांच्या देखत विचारलं हो! पुरुषमंडळी भोवती उभी, मोठा दीर समोर. त्या काय बोलणार? पदर सावरला आणि मान हलवली. आपल्याकडे याला संमती म्हणतात.

मग डाव्या मनगटावर ऑपरेशन झालं. तिथली शीर फुगली, आणि बोट ठेवलं की आत भुणभुण लागायची. ती भुणभुण म्हणजेच मंदाबाईंचा जीव. या हाताने ओझं उचलायचं नाही, यात बांगडी घालायची नाही, असं इला सिस्टर दर खेपेला बजावत. मी माझं काम चोख केलं. पण माझ्यापासून उठताना मंदाबाई पिळलेल्या लुगड्यासारख्या व्हायच्या. बाजारातली त्यांची जागा दुसऱ्या बाईने धरली. हे सांगताना त्या रडल्या आणि मला माझ्या चोख कामाची लाज वाटली.

पुढे भैय्याजींच्या मुलाचं, प्रफुलचं लग्न निघालं. घरात कासारीण बसली. मोठ्या जावेने मंदाबाईंचा डावा हात पाहिला. "काऊन वो, हात मोकळा काऊन? सवाशीण बाई न तू!"

"डॉक्टरीण नाई म्हनते, बाई."

"लग्नात मोकळा हात? अपशकुन करतं का पोराले? भर वो, तिचा हात भर."

फुगलेल्या मनगटावर हिरव्या बांगड्या दाबून दाबून चढवल्या. आणि नवरी घरात येऊन सत्यनारायण होईस्तोवर त्या उतरवायच्या नव्हत्या. मंदाबाई माझ्याकडे परत आल्या, तेव्हा इला सिस्टरांनी मनगटावर बोटं ठेवली, मग कान लावला. भुणभुण बंद! मनगटावर बांगड्यांचे वळ होते. ज्यांनी पोटाच्या नळीचा विटाळ मानला, त्यांनीच हाताची शीर बंद पाडली. वा रे घर!

मग माझ्यापर्यंत रक्त आणायला मानेत नळी घालावी लागली. काही दिवसांनी तिच्यातून जंतू रक्तात गेले आणि हुडहुडी भरून ताप चढला. त्या तापातच मंदाबाई उठून बसल्या. भैय्याजी समोर असताना, आवाज चढवून म्हणाल्या, "आता त मले पुसा! पोट माह्यं हाये. थैली लावा मले." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लावू. ताप उतरला की लगेच लावू."

ताप उतरला नाही. मंदाबाई गेल्या.

त्यांची चादर न्यायला लक्ष्मणराव आले होते. डोळे पुसत ते इला सिस्टरांना म्हणाले, "आमी काई कमी केलं नाई, सिस्टर. सर्वात मोठी मशीन लावली होती तिले."

मित्रांनो, ती मोठी मशीन म्हणजे मी. माझ्यामुळे कित्येकजण जगले आहेत, आणि कित्येकांना मीच बरी पडते, हेही सांगते. माझं चाक दुरुस्त करा, मला पुसून ठेवा, एवढं मी मागेन. पण तुमच्या घरी कोणी आजारी पडलं, तर बाकीच्यांना खोलीबाहेर काढा आणि आधी त्या माणसाला विचारा. तुमच्या मनाचा निकाल माझ्या नावावर खपवू नका.